एका हिसक्याची गाठ

दिवाळी अंक घरात आला की तो प्रथम कोणाच्या हाती पडावा यावरून आमच्याकडे दरवर्षी थोडी झटापट होते. मुलांना व्यंगचित्रे हवी असतात, घरातील वडीलधाऱ्यांना कथा हवी असते, आणि मी अंक हाती येताच मागील पाने उघडून वार्षिक राशिभविष्य शोधतो. हे कबूल करताना मला संकोच वाटतो, कारण मी मास्तर आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले असले तरी एका खासगी संस्थेच्या शाळेत लहान वर्गांना मराठीबरोबर विज्ञानही शिकवतो आणि ग्रहताऱ्यांचा आपल्या पगाराशी संबंध नसतो असे मुलांना ठासून सांगतो. तरीही दिवाळीला माझी रास मी चुकवत नाही. मागे एका वर्षी माझ्या राशीला ‘प्रवासयोग’ सांगितला होता. तो शब्दशः खरा ठरला. शाळेच्या एका अडलेल्या कागदासाठी मला तालुक्याला अठरा खेपा घालाव्या लागल्या!

थट्टा राहू द्या. उद्या काय होणार हे आधी कळावे ही इच्छा माणसाच्या अंगात फार खोलवर मुरलेली आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हे मला नव्याने जाणवले ते एका मुलीच्या प्रश्नामुळे.

आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाच्या अगदी कडेला आहे. होळीच्या आगेमागे मोहाची फुले गळू लागतात. ती पहाटेच्या अंधारातच टपटप पडतात, आणि उजाडल्यावर उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला हरणांनी आणि गुराढोरांनी ठेवलेला उरलासुरला माल येतो. म्हणून बायामाणसे टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. अशाच एका सकाळी पाढे चालू असताना चौथीतली एक मुलगी उठून उभी राहिली. आदल्या दिवशी कोणीतरी नाल्यापाशी पंजाचे ठसे पाहिले होते.

“गुरुजी, माझी आई अंधारातच मोहा वेचाले जाते. वाघ तं नाही येनार न?”

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. ‘नाही गं, काही होत नाही,’ हे शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. मुलांची भीती घालवणे हे मास्तराचे कामच आहे. पण ते शब्द बाहेर पडले नाहीत. का पडले नाहीत, हे सांगण्यासाठी मला २०२० सालच्या ऑगस्टकडे, वैनगंगेच्या काठी जावे लागेल.

ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या एका गावी माझी आत्या राहते. तिच्या अंगणाला लागूनच तिच्या मुलाचे, म्हणजे माझ्या आतेभावाचे घर आहे. त्या ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी भावाचा फोन आला.

“दादा, नदी फुगून रायली. बैलं अन् धान वरच्या आबादीवर नेऊ का? तू काय म्हनतेस?”

आमच्या घराण्यात मी शिकलेला. शिवाय दोन कादंबऱ्या लिहिलेला. अशा माणसाला लोक सल्ला विचारतात, आणि ‘मला माहीत नाही’ असे म्हणणे त्याला जड जाते. लहानपणी त्या गावी मी एक मोठा पूर पाहिला होता. तेव्हा पाणी देवळाच्या खालच्या पायरीला टेकून परतले होते. आमचे आजोबा ती पायरी सर्वांना दाखवीत. भावाचे घर देवळाहून उंचावर. मी म्हणालो, “अरे, आपल्याकडे तर धड पाऊसही नाही. देवळाच्या पायरीवर पाणी कधी चढले आहे का? निवांत झोप.”

तो निवांत झोपला. बैल रात्री सुटून शेजाऱ्याच्या उभ्या धानात शिरू नयेत म्हणून कोठ्यात त्यांना नेहमीसारखे पक्के बांधून झोपला.

पाऊस आमच्याकडे नव्हता हे खरेच होते. तो वर, मध्य प्रदेशात पडला होता. वैनगंगा उगम पावते सातपुड्यात, शिवनी जिल्ह्यात; बालाघाट आणि भंडारा ओलांडून ती आमच्याकडे येते, चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधली सीमारेषा होऊन वाहते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. वरच्या संजय सरोवरातून पाणी सुटले, गोसीखुर्द धरणाचे सर्वच्या सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या काठावर पाणी पसरले. ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज गाव तर चहूबाजूंनी पाण्याने वेढले गेले. आत्याच्या गावी मध्यरात्रीनंतर देवळाची पायरी बुडाली, मग उंबरठा बुडाला, मग घंटा. भाऊ बायकामुलांना घेऊन कसाबसा शाळेच्या गच्चीवर पोहोचला. दुसऱ्या दिवशी बोटीने सर्वांना बाहेर काढले. घरातले धान गेले. कोठ्यातली बैलजोडी बांधल्या जागी बुडाली.

आत्याची गाय मात्र वाचली. दोन दिवसांनी ती पलीकडच्या टेकाडावर चरताना सापडली. आत्याने संध्याकाळीच तिचे दावे सोडून ठेवले होते.

पाणी ओसरल्यावर मी गेलो. भाऊ मला एका शब्दानेही लागेल असे बोलला नाही. चिखल काढता काढता त्याने मला चहा करून दिला. तो बोलला असता तर बरे झाले असते. मी आत्याजवळ बसलो आणि काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, “आत्या, पाणी येणार हे तुला कसे कळले?”

ती म्हणाली, “मले कुठं कळलं बापू? मले ठाव नव्हतं, म्हनून सोडली.”

या एका वाक्याशी मी गेली कित्येक वर्षे झगडतो आहे. नदीविषयी आत्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच मला ठाऊक होते. कदाचित मला काकणभर अधिकच असेल. फरक एवढाच की आपल्याला ठाऊक नाही हे तिला ठाऊक होते. त्या अज्ञानातून तिने एक कृती काढली आणि मी त्याच अज्ञानातून एक आश्वासन काढले.

माझे ते आश्वासन मी नंतर अनेकदा उसवून पाहिले. त्यात तीन धागे होते. पहिला अनुभवाचा: पायरीवर पाणी चढलेले नव्हते. तो खोटा नव्हता. पण ती पायरी ज्या नदीने दाखवली होती ती नदी वेगळी होती. १९८८ साली गोसीखुर्दची पायाभरणी झाली आणि त्यानंतर वैनगंगेला पावसाबरोबर दरवाजांचेही वेळापत्रक लागले. जुनी खूण ही जुन्या नदीची साक्ष असते. नदी बदलली की साक्षीदार खरे बोलत असूनही निकाल चुकतो. दुसरा धागा जवळच्या आभाळाचा: इथे पाऊस नाही. मुंग्या, बेडूक, ढगांचा रंग ही आमची सगळी लक्षणे आपल्या डोक्यावरच्या आभाळाविषयी बोलतात, शिवनीच्या आभाळाविषयी त्यांना काही सांगता येत नाही. तसा सावधगिरीचा इशाराही कानांवर आला होता. पण दर पावसाळ्यात येतो तसलाच तो असेल, असे मी परस्पर ठरवून टाकले.

तिसरा धागा सर्वांत चिवट होता. भावाची काळजी दूर व्हावी, आणि ती माझ्या शब्दाने दूर व्हावी, असे मला वाटत होते. म्हणजे मी नदीविषयी बोलतच नव्हतो. मी भावाच्या मनाविषयी, आणि खरे सांगायचे तर माझ्या मोठेपणाविषयी बोलत होतो. आपल्या बहुतेक भविष्यवाण्या अशाच असतात. आजाऱ्याच्या उशाशी, परीक्षेच्या दारात, मुलीच्या लग्नात आपण ‘सगळे चांगले होईल’ म्हणतो तेव्हा ते प्रेम असते, माहिती नसते. जोपर्यंत ऐकणारा त्याला प्रेम समजतो तोपर्यंत त्यात काही बिघडत नाही. तो त्याला माहिती समजून बैल बांधतो, तेव्हा बिघडते.

या प्रसंगानंतर मी वेधशाळेच्या गोष्टी आस्थेने वाचू लागलो. आपल्या देशात हवामान खाते १८७५ साली निघाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचा अदमास घेत आणि १८८६ पासून असे अंदाज नियमाने निघू लागले. तथापि १८९९ चा भीषण दुष्काळ त्या अंदाजांना दिसला नाही. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे केंब्रिजचे गणिती त्या खात्याचे प्रमुख झाले. पृथ्वीच्या चहू कोपऱ्यांतील वायुभार आणि उष्णतामान यांची कोष्टके मांडता मांडता त्यांना असे दिसले, की पॅसिफिक महासागरावरचा वायुभार वर जातो तेव्हा हिंदी महासागरावरचा खाली येतो. जणू एका झोपाळ्याची दोन टोके. आपल्या शिवारातल्या धानाचा दोर कुठल्या दूरच्या समुद्राला बांधलेला आहे हे त्यांनी दाखवले. केवढी ही विद्या! आणि तरीही २००२ साली पाऊस सरासरीच्या १०१ टक्के होईल असा अंदाज होता आणि प्रत्यक्षात तो ८१ टक्के झाला.

यावरून शास्त्र खोटे, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तसे वाटत नाही. एडवर्ड लॉरेंझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ च्या सुमारास यंत्रावर हवामानाचे गणित मांडताना ०.५०६१२७ ऐवजी नुसते ०.५०६ घातले, आणि थोड्याच वेळात यंत्रातले हवामान पार निराळ्या वाटेने गेले. एवढ्याशा फरकाने एवढे घडत असेल तर चार दिवसांपलीकडचे बोलताना शास्त्रज्ञाने आवाज खाली आणावा, हेच योग्य. आणि तो आणतोही. मोसमी पावसाचा आकडा सांगताना ‘पाच टक्के इकडे किंवा तिकडे’ असे तो जोडून सांगतो. शिवाय तो बोलतो ते साऱ्या देशाविषयी, माझ्या बांधाविषयी नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. ‘मुंबईत पाऊस’ हे एकच वाक्य दोन घरांत दोन अर्थांनी खरे ठरले.

भविष्यवाल्यांची रीत याच्या उलट. ते माझ्याविषयी बोलतात, आणि चुकीला जागा ठेवत नाहीत. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक साधी परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस पाठवल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवली सत्तावीस जणांनी. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती! आमच्या विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटातली धान्ये रात्रीतून कशी हलली यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात आणि ते ऐकायला शेतकरी लांबून येतात. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. ज्याचे वर्षभराचे पोट आभाळावर टांगलेले आहे तो भाकितासाठी जातो तेव्हा त्याला केवळ माहिती नको असते. आपण या अंधारात एकटे नाही, एवढे त्याला हवे असते. मीही राशिभविष्य वाचतो ते याचसाठी असेल. पण ती सोबत झाली. सोबतीच्या भरवशावर दावे आवळायचे नसते.

इथवर आल्यावर एक सोपी वाट समोर दिसते, आणि ती फार मोहक आहे. काहीच कळत नसेल तर विचार तरी कशाला करावा? जे व्हायचे ते होईल! आमच्या भागात हे वाक्य दर कोसावर ऐकू येते आणि त्याला वैराग्याचा वास येतो म्हणून कोणी त्याची झडती घेत नाही. माझी त्या वाटेवरून सुटका केली ती बांबूने.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बांबू वर्षानुवर्षे नुसता वाढतो. मग केव्हातरी एका पट्ट्यातला सगळा बांबू एकदम फुलावर येतो, त्याला बी धरते आणि तो वाळून मरतो. हा योग वीसपंचवीस वर्षांनी येईल की साठ वर्षांनी, हे नेमके सांगता येत नाही. म्हणून म्हातारी माणसे त्याविषयी बोलताना हात जोडतात. पण आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, मिझो डोंगरांत, एक निराळ्या जातीचा बांबू आहे. तो सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलतो. त्याचे बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, आणि बी संपले की शेतांवर व कोठारांवर तुटून पडतात. तेथल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १९५९ साली बांबू फुलणार, दुष्काळ पडणार, असे त्यांच्या जिल्हा परिषदेने आधीच आसाम सरकारला कळवून मदत मागितली. ही अडाणी लोकांची समजूत म्हणून ती मागणी बाजूला पडली. बांबू फुलला. दुष्काळ पडला. मदतीसाठी जी दुष्काळ-संघटना उभी राहिली तिच्यातूनच पुढे राजकीय पक्ष झाला आणि १९६६ साली बंड पेटले. पुढची पाळी २००७ ची होती. बांबू वेळेवर फुलला, आणि या वेळी सरकारने आधीपासून तयारी केली होती.

म्हणजे चूक दोन्हीकडून होते. मी ठाऊक नसताना ‘ठाऊक आहे’ म्हणालो. तिथे ठाऊक असलेल्या गोष्टीला ‘कोणास ठाऊक’ म्हणून टोलवण्यात आले. पहिल्यात एका घराची बैलजोडी गेली, दुसऱ्यात एका प्रदेशाची वीस वर्षे गेली. अज्ञानाची कबुली ही मोठी गोष्ट खरी, पण तिच्या आड लपून हात बांधून बसणारा काही आत्यासारखा नम्र नव्हे. आत्याने ‘ठाव नाही’ म्हटले आणि ती उठून कोठ्यात गेली. खरी परीक्षा त्या उठण्यात आहे.

आता त्या मुलीकडे वळतो. ती अजून उभीच आहे.

मी तिला म्हणालो, “बाळ, वाघ येईल की नाही ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसते.” वर्गात एकदम शांतता पसरली. मला वाटले, मुले घाबरली. मग मी विचारले, “पण वाघाविषयी आपल्याला काय काय ठाऊक आहे, ते सांगा बरे!” आणि मुले बोलू लागली. ती जंगलातली मुले. मला जे पुस्तकात सापडले नसते ते त्यांनी सांगितले. वाघ पहाटे आणि सांजेला अधिक फिरतो. खाली वाकलेले माणूस त्याला माणसासारखे दिसत नाही. एकट्यादुकट्यापेक्षा घोळक्याच्या वाटेला तो सहसा जात नाही. बोलत राहावे, गाणे म्हणावे. दाट झुडपाशेजारचे झाड शेवटी घ्यावे. एकीने वेचावे आणि एकीने उभे राहून पाहावे. फळा भरला. त्या मुलीने ते सारे वहीत उतरून घेतले आणि घरी नेले.

दुसऱ्या दिवसापासून त्या टोलीवरच्या सहासात बाया एकत्र आणि थोडे उजाडल्यावर निघू लागल्या. याची किंमत पडत नव्हती असे कोणी समजू नये. उशीर झाला की मोहा कमी मिळतो. आणि एकीने नुसते उभे राहायचे म्हणजे तिच्या टोपलीचे काय? त्यावर त्यांनीच तोड काढली: सगळ्यांचा मोहा एका ठिकाणी ओतायचा आणि सारखा वाटून घ्यायचा. मुलीची आई त्या हंगामात रोज घरी परतली. आमच्या फळ्यामुळे परतली असे मी म्हणणार नाही. वाघ त्या बाजूला फिरकलाच नसेल, कोण जाणे. तसे म्हणालो तर मी पुन्हा देवळाची पायरी दाखवू लागलो असे होईल.

गेल्या दिवाळीत गायगोधनाला मी आत्याच्या गावी गेलो होतो. त्या दिवशी आमच्याकडे गुरांना धुऊन, शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून मिरवतात, आणि नवी दावी घालतात. भावाने कर्ज फेडून पुन्हा बैलजोडी घेतली आहे. संध्याकाळी तो नवी दावी खुंट्याला बांधत होता, आणि मी कंदील धरून उभा होतो. त्याच्या बोटांकडे पाहता पाहता माझ्या लक्षात आले की ही गाठ पूर्वीची नाही.

“ही कोणती रे गाठ?” मी विचारले.

“बैलानं ओढली तं आवळते,” तो म्हणाला, “अन् आपन हे शेपूट ओढलं तं एका हिसक्यात सुटते. पाह्य.” त्याने शेपूट ओढले. दावे गळून पडले. त्याने ते पुन्हा बांधले.

“रोज रात्री मोकळं सोडलं तं लोकायच्या धानात जाते न दादा. बांधाव तं लागतेच.”

आत्या ओसरीवर दिवे लावीत होती. तिने तिथूनच विचारले, “बापू, यंदा पानी कसं राहील म्हनते तुमच्या पेपरात?”

“ठाव नाही, आत्या,” मी म्हणालो.

ती हसली आणि पुढचा दिवा लावू लागली.